संकल्पनात्मक कलेतील छायाचित्र नोंद मानावे की कलाकृती? मदत हवी आहे

नमस्कार. १९६०च्या दशकातील संकल्पनात्मक कलेत (म्हणजे घडवलेल्या वस्तूपेक्षा तिच्यामागील कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेत) छायाचित्राचे स्थान काय, यावर मी एक टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी १९६७ साली इंग्लंडमधील एका कुरणात पुन्हापुन्हा ये-जा करून गवतात एक सरळ रेघ उमटवली आणि तिचे कृष्णधवल छायाचित्र काढले. ती रेघ आज आपल्यापर्यंत पोहोचते ती केवळ त्या छायाचित्रामुळे. मग संग्रहालयात टांगलेली चौकट ही त्या चालण्याची नोंद मानावी, की कलाकृती?

अमेरिकी कलावंत जोसेफ कोसुथ यांच्या १९६५च्या ‘वन अँड थ्री चेअर्स’ या कलाकृतीमुळे हा प्रश्न आणखी गुंततो. तेथे एक खुर्ची, तिचे छायाचित्र आणि खुर्चीची कोशातील व्याख्या शेजारीशेजारी असतात. परंतु नव्या ठिकाणी मांडणी करताना तेथील खुर्चीचे छायाचित्र नव्याने काढले जाते आणि ते कोसुथ यांनीच काढण्याची गरज नसते. म्हणजे लाँग यांच्याकडे जे अपरिहार्य, ते येथे बदलण्याजोगे ठरते.

अमेरिकी कलावंत एड रुशे यांनी आपल्या १९६३च्या पुस्तकात छापलेली पेट्रोल पंपांची छायाचित्रे हेतुपुरस्सर रुक्ष आहेत असे मानले जाते. मला मात्र त्या रुक्षपणातही शैलीच दिसते.

अशा छायाचित्रांचा दर्जा ठरवताना कलावंताचा हेतू, छायाचित्राची बदलक्षमता आणि मूळ कृतीचे नाहीसे होणे, यांपैकी कशाला प्राधान्य द्यावे? ज्यांनी या कलाकृती प्रत्यक्ष पाहिल्या आहेत, त्यांनी त्यांच्या मांडणीविषयीही लिहिल्यास आभारी राहीन.