मदत हवी आहे: मेसा व्हर्डे, चाको, कॅन्यन डी शे – तंबू घेऊन, सासूबाईंसह

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी गाडीत तंबू टाकून आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई असे निघतोय. अमेरिकेतल्या जुन्या प्वेब्लो लोकांच्या वस्त्यांचे अवशेष असलेली तीन ठिकाणं बघायचीत: आधी कोलोराडोतलं मेसा व्हर्डे, मग न्यू मेक्सिकोतलं चाको, शेवटी ॲरिझोनातलं कॅन्यन डी शे.

खरी अडचण चाकोची. तिथलं प्वेब्लो बोनितो, म्हणजे प्रचंड दगडी वस्तीचे अवशेष, बघायचंच आहे, पण शेवटचे बरेच मैल कच्चा रस्ता, आणि पाऊस पडला की नुसता चिखल. तिथे पेट्रोल नाही, खायला काही मिळत नाही. साधी, फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी घेऊन कोणी गेलंय का? चाकोतल्या गॅलो कॅम्पग्राउंडवर रात्री थंडी कितपत असते? सासूबाईंना तंबू चालतो, थंडी चालत नाही.

मेसा व्हर्डेत कड्याच्या कपारीत बांधलेल्या बाल्कनी हाऊसला ३२ फुटी शिडी आणि रांगत जायचं भुयार आहे, म्हणून ते त्यांच्यासाठी बाद. (मुलांना अर्थात तेवढंच हवंय!) तशाच क्लिफ पॅलेसलाही शिड्या आहेतच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमेल का, की त्यांनी वरूनच बघावं?

कॅन्यन डी शेच्या तळाशी जायला नवाहो (तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा) गाइड लागतो. गाडीतून नेणारी सहल लहान मुलांना झेपते का? आणि हो, उन्हाळ्यात नवाहो भागातलं घड्याळ उरलेल्या ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे असतं, तेव्हा बुकिंगची वेळ नक्की कुठली धरायची?

दिवस कमी पडले तर चाको गाळून होव्हनवीप (तसेच अवशेष असलेलं आणखी एक ठिकाण) करावं, असं नवऱ्याचं मत आहे. माझं नाही. तुम्ही काय केलं असतंत?