‘रेयेस’ला मराठीत काय म्हणायचं : माहेरचं आडनाव की आजोळचं?

शेवंती : २५ नोव्हेंबरच्या अंकासाठी मिराबाल भगिनींवरचा लेख अनुवादित करतेय. डोमिनिकन प्रजासत्ताकात त्रुहियोच्या हुकूमशाहीला भिडलेल्या या तिघी बहिणी. १९६० साली याच तारखेला त्यांची हत्या झाली. थोरलीचं पूर्ण नाव पात्रिया मेर्सेदेस मिराबाल रेयेस. तिथे दोन आडनावं लावतात, आधी वडिलांचं, मग आईचं. संपादक म्हणतात, ‘रेयेस’ काढा, नाहीतर आपले वाचक तेच आडनाव धरतील आणि मिराबाल हे वडिलांचं नाव समजतील. मला ते काढायचं नाही. ‘आईचं माहेरचं आडनाव’ अशी टीप चालेल?

दिगंत : ‘माहेरचं’ नको. तो शब्द सासरच्या उंबऱ्यावरून बोलला जातो. तिथे लग्नानंतर बाईचं आडनाव जात नाही. मिनेर्वा शेवटपर्यंत मिराबालच होती. फार तर पुढे ‘दे’ लावून नवऱ्याचं जोडायचं, मिनेर्वा मिराबाल दे तावारेस. जे सुटलंच नाही ते माहेरचं कसं? मुलांच्या बाजूने बघा : आजोळचं आडनाव.

कुमुद : ‘आजोळचं’ला माझं मत. आमच्याकडे राजापुरात नवीन माणूस आला की आजी आडनाव विचारायची आणि लगेच, “आजोळ कुठलं रे तुझं?” तेवढ्यावर ती अर्धी नाती जुळवायची.

शब्दव्रती : बोलण्यात ठीक आहे. पण आजोळ म्हणजे घर, गाव. छापताना ‘मातृकुलनाम’ लिहावं. ‘आडनाव’ हा शब्दच मुळात दुय्यम नावाचा आहे. आडवाट, आडगाव, तसं आडनाव.

दिगंत : शब्दव्रती, आडवाट म्हणजे मुख्य रस्ता सोडून गेलेली वाट. आडनाव तर आज मुख्यच आहे. कानडीत आडनावाला ‘अड्डहेसरु’ म्हणतात, अड्ड म्हणजे आडवं, हेसरु म्हणजे नाव. घडण अगदी तीच. दोन्ही भाषा शेजारी नांदल्या, याचा विचार नको का करायला? आणि ‘मातृकुलनाम’ मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

शब्दव्रती : ऐकलं नाही म्हणून शब्द चुकीचा होत नाही. ‘महापौर’सुद्धा आधी कुणी ऐकला नव्हता.

फर्नांडिस_मडगाव : शेवंतीताई, तुम्ही ‘मेर्सेदेस’ लिहिलंत ते फार बरं वाटलं. सगळे ‘मर्सिडीज’ लिहितात. गाडीला ते नाव एका मुलीवरून पडलं, आणि मुलींना ते दयामाउलीवरून, म्हणजे येशूची आई मेरी हिच्या एका रूपावरून मिळतं. पोर्तुगीजात तेच ‘मेर्सेस’; पणजीजवळचं मेरशी गाव त्याच नावाचं. डोमिनिकन प्रजासत्ताकात आल्टाग्रासिया नावाच्या बायाही घरोघरी भेटतात. इग्वे इथल्या आल्टाग्रासिया माउलीचा सण २१ जानेवारीला असतो.

कुमुद : म्हणजे आपण रेणुका, अंबिका ठेवतो तसंच की!

फर्नांडिस_मडगाव : हो, पण सगळीच नावं देवळातली नाहीत. ‘पात्रिया’ म्हणजे मायभूमी. ती २७ फेब्रुवारीला जन्मली, तो तिथला स्वातंत्र्यदिन. मिनेर्वा ही रोमन देवता. आणि त्रुहियोने दोन मुलांना ‘आयदा’ या ऑपेरातल्या पात्रांची नावं दिली, राम्फिस आणि रादामेस.

शेवंती : २७ फेब्रुवारी, म्हणजे आपला मराठी भाषा गौरव दिन! माझ्या वर्गात १५ ऑगस्टला जन्मलेली एक भारती होती. शाळेत झेंडावंदनाला तिलाच पुढे उभं करायचे, आणि ती खरंच ताठ उभी राहायची. पात्रियाच्या नावाचा अर्थ मजकुरातच द्यावा, टीप नको, असं आता वाटतंय.

शब्दव्रती : द्या, पण ‘मायभूमी’ नको. ‘पात्रिया’च्या मुळात पिता आहे. ‘पितृभूमी’ लिहा.

कुमुद : मुळात असेल, पण तो शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि मराठीत देशावर जीव टाकणारा माणूस ‘पितृभूमी’ म्हणत नाही हो.

दिगंत : २०२४च्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत आपल्याकडेही आईचं नाव आलंय, बाळाच्या आणि वडिलांच्या नावाच्या मध्ये. पण आईचं नाव, आजोळचं आडनाव नव्हे. शब्दव्रती, त्या अड्डहेसरुचं तुम्ही अजून काही बोलला नाहीत.