सल्ला हवा: सोलारिस ९ वर सोर्समधून सॉफ्टवेअर बसत नाही

प्रश्न
स्पार्क प्रोसेसरचं मशीन, सोलारिस ९ (युनिक्स ओएस), जीसीसी ३.४ (कंपायलर). कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) मधेच सिंटॅक्स एरर देऊन थांबतं, ‘मेक’ (बिल्ड चालवणारं साधन) सापडत नाही, आणि एक पॅकेज कंपाइल झालं तर लिंक करताना ‘अनडिफाइन्ड सिंबल: सॉकेट’. ओएस बदलता येणार नाही. सुरुवात कुठून करावी? सोर्समध्ये बदल करावे लागतील का?

प्रतिसाद १
सोर्सला हात लावू नका, दोष तिथे नाही.

सोलारिस १० पर्यंत /बिन/एसएच, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा शेल, हा जुना बोर्न शेल आहे. डॉलर-कंसातली कमांड त्याला कळत नाही, म्हणून सिंटॅक्स एरर. त्याऐवजी कॉर्न शेल (केएसएच) वापरा: कॉन्फिग_शेल=/बिन/केएसएच एक्सपोर्ट करा आणि ‘केएसएच ./कॉन्फिगर’ असंच चालवा.

मेक, एआर (लायब्ररी बांधणारा), एलडी (लिंकर) हे /यूएसआर/सीसीएस/बिन मध्ये असतात. पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) आधी /यूएसआर/एक्सपीजी४/बिन, मग सीसीएस, मग /यूएसआर/बिन. हा क्रम महत्त्वाचा आहे: /यूएसआर/बिन मधल्या ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) -क्यू चालत नाही, एक्सपीजी४ मधल्याला चालतो. /यूएसआर/यूसीबी पाथमधून काढाच. तिथला सीसी (सी कंपायलरची कमांड) नुसता नावाला आहे, खरा कंपायलर वेगळा बसवावा लागतो. सीसी=जीसीसी द्या.

सॉकेटची फंक्शन्स इथे सी लायब्ररीत नाहीत. लिब्ज="-एलसॉकेट -एलएनएसएल" द्या. एलडीफ्लॅग्जमध्ये घालू नका. लायब्ररी लिंकच्या ओळीत शेवटी यायला हव्यात.

हे सगळं बदलल्यावर कॉन्फिग.कॅश (कॉन्फिगरने साठवलेले चाचण्यांचे निकाल) उडवा, नाहीतर जुनीच उत्तरं परत वापरली जातात. पुन्हा अडलं तर स्क्रीनवरच्या ओळीवर जाऊ नका, कॉन्फिग.लॉग उघडा. नेमकी कोणती चाचणी का फसली ते तिथेच कळतं.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर. सोर्स उलगडतानाच जीटार (ग्नू टार) वापरा. ग्नू टारने बांधलेल्या संचात १०० अक्षरांहून लांब पाथ असतील तर सोलारिसचा टार ती नावं तोडतो, आणि पुढे कंपाइल करताना ‘फाइल नाही’ असं येतं. मेकफाइलमध्ये इफइक्यू (ग्नू मेकची अट) दिसलं तर जीमेकच (ग्नू मेक) लागेल.

बसवल्यानंतर प्रोग्राम ‘ओपन फेल्ड’ म्हणून मरत असेल तर एलडीडी लावून पाहा, कोणती लायब्ररी सापडत नाही ते कळेल. एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी शोधायच्या फोल्डरांची यादी) सगळ्या मशीनसाठी लावून ठेवणं हा वाईट उपाय आहे, चालू असलेले बाकीचे प्रोग्राम त्याने भलतीच लायब्ररी उचलतात. लिंक करतानाच -आर/यूएसआर/लोकल/लिब (कॅपिटल आर) द्या, म्हणजे लायब्ररीची जागा प्रोग्राममध्येच नोंदली जाते.

प्रश्नकर्ता
कॉन्फिगर पार पडलं, लिंकही झालं. आता दुसऱ्या पॅकेजला एसटीडीइंट.एच (ठरावीक आकाराच्या पूर्णांक प्रकारांची हेडर फाइल) हवी आहे. जीसीसी नवा घ्यावा का?

प्रतिसाद १
तेवढ्यासाठी नको. ती हेडर सोलारिस १० मध्ये आली, पण ९ मध्ये इंटटाइप्स.एच आहे. वेगळ्या फोल्डरमध्ये एसटीडीइंट.एच नावाची फाइल करा, आत फक्त इंटटाइप्स.एच इन्क्लूड करणारी एक ओळ, आणि सीपीपीफ्लॅग्जमध्ये -आय (कॅपिटल आय) ने तो फोल्डर द्या. /यूएसआर/इन्क्लूड मध्ये मात्र काही टाकू नका.

पुढे कधी जीसीसी बदललाच तर ४.९ च्या वर जाऊ नका, ५ पासून सोलारिस ९ चा आधार काढला आहे. ४.८ पासून बिल्डसाठी सी++ कंपायलरही लागतो, तेव्हा आधी जी++ आहे का ते बघा. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या गणिती लायब्ररी आधी बसवाव्या लागतील.