वैद्यकीय समाजसेवकांना कणखर करण्याची कार्यशाळा: उपाय की धूळफेक?

केसपेपर (धागाकर्ती)
आमच्या रुग्णालयात (सरकारी आहे, एवढं पुरे) समाजसेवा अधीक्षकांसाठी ताणव्यवस्थापनाची कार्यशाळा झाली. श्वासाचे व्यायाम, कृतज्ञतेची वही, शेवटी समोसा-चहा. वक्त्या चांगल्या बोलल्या, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बाहेरच्यांसाठी: बिलमाफीचे कागद, महात्मा फुले योजनेत न बसणाऱ्यांसाठी ट्रस्टकडे अर्ज, बेवारस रुग्णाच्या घरच्यांचा शोध, पोक्सोच्या (बाल लैंगिक अत्याचाराच्या) केसमधल्या मुलीशी बोलणं, हे सगळं आमच्या टेबलावर येतं. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तरी अजून अर्ध्या स्टाफला आम्ही 'पैशाचं बघणाऱ्या मॅडम' वाटतो.

माझा मुद्दा असा की आम्ही दुःख पाहून थकत नाही. थकतो ते 'नाही' सांगून. ऑर्थो वॉर्डात बांधकामावरचा मजूर आहे, मांडीचं हाड मोडलेलं. हाडात बसवायचा रॉड बाहेरून आणायला सांगितलाय. रेशनकार्ड परराज्यातलं, आयुष्मान कार्ड काढलेलंच नाही. बायकोने सगळे कागद पिशवीत रबरबँड लावून आणलेत, आधार तर लॅमिनेट केलेलं. ठेकेदार फोन उचलत नाही. एका ट्रस्टने निम्मे दिले, दुसऱ्याची मीटिंग पुढच्या आठवड्यात. आणि रोज राउंडला निवासी डॉक्टर विचारतो, "मॅडम, याच्या पैशाचं काय झालं? बेड अडकलाय." रॉड माझ्या हातात नाही, बेडही नाही. यात मी दीर्घ श्वास घेऊन करू काय?

निवृत्तबाई
असहमत. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मी नोकरीत होते. शवागाराबाहेर हाताने याद्या लिहिल्या, नातेवाइकांना एकेक करून आत नेलं. कार्यशाळा हा प्रकार तेव्हा ऐकलाही नव्हता. पुढे कित्येक महिने झोप नव्हती. कुणी श्वास घ्यायला शिकवलं असतं तर उपकार झाले असते.

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल, तोवर तुम्हाला घरी जाऊन जेवायचं आहे ना? नव्या मुली रुग्णांना स्वतःचा नंबर देतात, पाकिटातून पैसे काढतात आणि वर्षभरात करपतात. कुठे थांबायचं हेही शिकावंच लागतं. त्याला धूळफेक म्हणू नका.

नाइटवाली
मी स्टाफ नर्स. नाइट आम्ही करतो, मारही आम्ही खातो. समाजसेवकांचा ताण तेवढा वेगळा कसा? निदान चारला कुलूप लावता येतं तुम्हाला.

केसपेपर
@नाइटवाली, मान्य, वेगळा धागा काढा, +१ देईन. @निवृत्तबाई, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी गोष्ट म्हटलं. मग औषध माझ्या एकटीच्या वहीत का?

समन्वयक_पुणे
अवयवदानाचं काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं. मेंदूमृत्यूच्या दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तास जातात. त्या वेळात बायको विचारते, "छाती हलतेय, मग मेला कसा?" मॉनिटरवर आकडे दिसत असतात आणि मला हे समजावायचं असतं, घाई न करता. तिथे प्रशिक्षण लागतं, खरंच लागतं. पण कुटुंबाने नकार दिला की वरून पहिला प्रश्न येतो, "कन्व्हर्ट का नाही झालं?" म्हणजे होकार का नाही मिळवला. तो प्रश्न थांबवणारी कार्यशाळा मला अजून भेटली नाही.

त्रस्त_नातेवाईक
माफ करा, पण खिडकीच्या या बाजूने बोलतो. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, असा नियम आहे. वडिलांना घेऊन गेलो तर समाजसेविका मान वर न करता म्हणाल्या, "खाट नाही. तहसीलदाराचा दाखला आणा." ताण असेल हो, पण तो आमच्यावर का?

धर्मादायवाली
दादा, मी तशाच एका ठिकाणी बसते. खाट आहे की नाही हे मला वरून सांगतात, मी फक्त तोंड. वर पाहिलं की तुमचा चेहरा दिसतो, म्हणून मान खाली. हे समर्थन नाही.

निवृत्तबाई
आता मुद्द्यावर आलात. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं एम.ए.सारखं शिक्षण) करताना दर आठवड्याला फील्डवर्कचं सुपरव्हिजन असायचं. केस मांडायची, बाई उलटतपासणी घ्यायच्या, रडलात तर रडू द्यायच्या. नोकरी लागली की तेच नेमकं बंद होतं. तुमचा वरिष्ठ म्हणजे प्रशासकीय अधिकारी, त्याला फक्त मासिक आकडे हवेत. तरीही म्हणेन, श्वासही शिका.

समन्वयक_पुणे
सुपरव्हिजनला +१. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात वैद्यकीय आणि मनोरुग्ण समाजसेवकांची नावं आहेत. मागायचंच तर 'आम्ही थकलो' म्हणून नको, व्यावसायिक गरज म्हणून मागा. डॉक्टरांची मॉर्टॅलिटी मीटिंग (दगावलेल्या रुग्णांच्या केसेसचा आढावा) होते तशी आपली केस मीटिंग, ड्युटीच्या वेळेत.

केसपेपर
लेखी मागितलंय. आस्थापना शाखेचा शेरा: "सदर बैठकीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली?" खर्च शून्य, असं उत्तर टाकलंय. समोसेही नकोत म्हणून कळवलं.

नाइटवाली
मीटिंग झाली तर आम्हालाही बसू द्या. रॉडवाला पेशंट रात्री माझ्याशीच बोलतो.