कुत्र्यासाठी घरगुती बिस्किटे: बेदाणे आणि पीनट बटरबाबत

कुत्र्यासाठी घरी बिस्किटे करण्याची एक कृती सुचवली जाते, तिच्यात कणीक, पीनट बटर, गूळ आणि मूठभर बेदाणे आहेत. त्यांतले बेदाणे कृपया पूर्णपणे वगळावेत. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ शकतात आणि कोणत्या कुत्र्याला किती प्रमाण बाधेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे ‘दोनच दिले तर काय होते’ हा हिशेब इथे चालत नाही.

पीनट बटर विकतचे असेल तर बरणीवरील घटक वाचावेत. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असल्यास कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन एकदम वाढून रक्तातील साखर घसरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. त्यापेक्षा बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे सोलून, तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये वाटावेत. मात्र दाणे निवडून घ्यावेत, कारण बुरशी लागलेल्या दाण्यांतील अफ्लाटॉक्सिन हे विष कुत्र्यांना फार घातक ठरते.

मी स्वतः नाचणीचे पीठ, वाफवलेला लाल भोपळा आणि अंडे एवढेच वापरते. गुळाची गरज मुळीच नसते. भोपळ्याला पाणी सुटते, म्हणून पीठ बेताबेताने घालत घट्ट गोळा मळावा आणि बिस्किटे मंद आचेवर आतपर्यंत कडक होऊ द्यावीत. मध्यभाग ओलसर राहिला, तर पावसाळ्यात लगेच बुरशी धरते.

असा खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलेल्या कुत्र्याला मात्र शेंगदाण्याची बिस्किटे देऊच नयेत.