चर्चच्या वाडीत इमारती? वसईतल्या आमच्या गावाचा प्रश्न

वाडीकर
रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर (प्रार्थनाविधीनंतर) निवेदन वाचलं गेलं. चर्चच्या मालकीच्या वाडीसाठी, म्हणजे बागायती जमिनीसाठी, एका बिल्डरचा प्रस्ताव आलाय. वाडीत इमारती उभ्या राहणार, बदल्यात चर्चला हॉल आणि दवाखान्याला जागा. पॅरिश कौन्सिलची (चर्चच्या कामात सल्ला देणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची) भूमिका अशी की निर्णय झालेला नाही, सगळे पर्याय खुले आहेत, लोकांनी मत कळवावं.

माझं मत कळवतो. हा पर्याय खुला ठेवूच नये. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची शेती आणि हिरवळ वाचवायला हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या पुढे होते. माझे आईवडील केळीची बाग टाकून मोर्च्याला गेले होते. तेव्हा आपण एकेका शेतकऱ्याला सांगितलं, बाबा, जमीन विकू नको. आता वाडी चर्चची आहे तर 'बघू' म्हणायचं?

आणि त्या वाडीत बावखल, म्हणजे जुनं गोड्या पाण्याचं तळं आहे. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू मुरतं, म्हणून शेजारच्या विहिरी मे महिन्यातही गोड असतात. बावखल बुजलं की खारं पाणी आत सरकणार, आणि पावसाच्या पाण्याला जायला जागा उरणार नाही. जुलै २०१८ मध्ये गावं कशी बुडाली, वीज किती दिवस नव्हती, ते विसरलो का आपण?

याच गावची सून
दादा, बावखल मलाही हवं. पण आमचं सांगते. सासऱ्यांची जागा चार भावांत वाटली गेली, आम्ही दोघं नालासोपाऱ्यात भाड्यानं राहतो. सणाला गावात येतो ते पाहुण्यांसारखे. लग्न झालेली कितीतरी पोरं अशीच बाहेर पडलीत. ज्यांचं घर वाडीत आहे त्यांना 'नको' म्हणणं सोपं जातं. शिवाय ती वाडी आज करतं कोण? पडलेले नारळ उचलायला माणूस नाही.

वाडीकर
ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण बिल्डरचे फ्लॅट तुम्हाला परवडणार आहेत का? तो बाजारभावानं विकेल, ज्याच्याकडे पैसा आहे तो घेईल. आपल्या पोरांचं नाव फक्त प्रस्तावात राहील.

निवृत्त मास्तर
थोडं कायद्याचं बोलतो, कारण 'फादरांनी विकून टाकलं तर' अशी कुजबुज चालली आहे. असं कुणा एकाला विकता येत नाही. चर्चचा ट्रस्ट सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ नुसार विक्रीला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्यानं द्यायची तरी लागते. चर्चच्या कॅनन कायद्यातही मोठी मालमत्ता देताना बिशपांना वित्त समिती आणि सल्लागार मंडळाची संमती घ्यावी लागते.

त्याहून महत्त्वाचा याच कॅनन कायद्यातला १२६७ वा नियम. एखाद्या ठरावीक हेतूनं दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरावं लागतं. तेव्हा ही वाडी चर्चला कुणी आणि कशासाठी दिली, हे आधी शोधा.

पानवेल
माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलंय की ती गरिबांसाठी दिली होती. कागद मी पाहिलेला नाही. पण गरिबांसाठीच असेल तर दवाखाना त्यात बसतो की! म्हाताऱ्या माणसाला डायलिसिससाठी रिक्षानं किती लांब न्यावं लागतं, ते ज्याच्या घरात आहे त्याला विचारा. झाडं जपा म्हणताना माणसंही मोजा.

वाडीकर
दवाखान्याला माझा विरोध नाही. रस्त्याच्या कडेची पडीक पट्टी आहे, तिथं एकमजली बांधा, वर्गणीची पहिली पावती माझी फाडा. दवाखान्याच्या बदल्यात बिल्डरला सगळी वाडी द्यायची, हे पटत नाही. पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं पर्यावरणावरचं पत्रक 'लाउदातो सी' आपल्याच चर्चमध्ये वाचून दाखवलं गेलं. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐका, असं त्यात आहे.

याच गावची सून
मग गरिबांचाही ऐका ना. पट्टीवर दवाखान्याच्या वर दोन मजले चढवा, गावातल्या बेघर जोडप्यांना चर्चनं स्वतः भाड्यानं द्या. मालकी चर्चचीच राहील, बिल्डर नको, बावखलही वाचेल. आम्ही फुकट मागत नाही.

वाडीकर
मालकी चर्चकडेच राहणार असेल तर मी ऐकायला तयार आहे. फक्त सांडपाणी बावखलात जाणार नाही हे लेखी हवं. आणि कौन्सिलनं आधी बिल्डरला नकार कळवावा, मग बाकी बोलू.

पानवेल
नकार आधी कशाला? निदान त्याचा आकडा तरी कळू दे.

निवृत्त मास्तर
आकड्याआधी कागद बघू. सोमवारी तलाठ्याकडे जाऊन सातबारा आणि जुने फेरफार काढतो. कुणाच्या घरी दानपत्राची नक्कल असेल तर घेऊन या.