गुडघा बदलल्यावर ट्रामाडॉल सोसत नाही, टॅपेंटाडॉल चालेल का?

प्रश्न: आईचा (वय ६८) उजवा गुडघा बदललाय. ट्रामाडॉल (दुखणं कमी करणारी गोळी) ५० मिग्रॅ घेतलं की मळमळ, चक्कर. ताट समोर नको होतं तिला. गोळी टाळली तर ठणक्याने व्यायाम होत नाही, आणि गुडघा आत्ताच वाकायला हवा. ती नैराश्य-चिंतेवरचं एस्सिटालोप्रामही घेते. टॅपेंटाडॉल (हीही वेदनाशामक गोळी) किंवा बुप्रेनॉर्फिनची अंगाला चिकटवायची वेदनाशामक पट्टी कुणाला दिली होती का?

उत्तर (मी ऑर्थो वॉर्डात सिस्टर आहे): ताई, एस्सिटालोप्रामचं सर्जनना आजच सांगा. ट्रामाडॉलही मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं. दोन्ही मिळून थरथर, घाम, गोंधळलेपण येऊ शकतं. टॅपेंटाडॉलचा तो परिणाम बराच कमी, तरी डॉक्टरांना विचारूनच. शिवाय ट्रामाडॉलचं यकृतात रूपांतर व्हावं लागतं, काहींच्यात ते नीट होत नाही. टॅपेंटाडॉल थेट काम करतं. पट्टी सात दिवस टिकते, पण चढायला वेळ घेते. ताज्या दुखण्यावर तिचा भरवसा नाही.

उत्तर: बाबांना टॅपेंटाडॉल मानवलं, बद्धकोष्ठता मात्र झालीच. पोट साफ होण्याचं औषध सुरुवातीपासूनच विचारून घ्या. सोबत झोपेची गोळी अजिबात नको, श्वास मंदावतो.

प्रश्नकर्ती: सिस्टर, फार आभार. सर्जनना फोन लावतेय. आई रात्री अल्प्राझोलाम (झोप आणणारी, चिंता कमी करणारी गोळी) घेते, तेही सांगते.